हक्कांचे वकील आणि हक्कांचे धनी

मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनांच्या नेत्यांविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते त्याचे दोन साचे ठरून गेले आहेत. एक आरतीचा आणि दुसरा आरोपाचा. आरतीत नेत्याच्या त्यागाची यादी असते, आरोपात तो कोणाचा हस्तक आहे याचा शोध असतो. या दोहोंत नेत्याने प्रत्यक्षात काय लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले आणि कोणत्या वेळी तो गप्प राहिला हे पाहिले जात नाही. ग्रंथकाराला आपण ज्या कसोट्या लावतो त्या या मंडळींना लावण्यास काय हरकत आहे, असा प्रश्न आमच्या मनात बराच काळ होता. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही दिल्ली-मुंबईच्या सभागृहांऐवजी खानदेशात उभे राहून पाहण्याचे ठरविले आहे. जळगाव आणि धुळे हे जिल्हे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, येथून ही चळवळ कशी दिसते, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ १९३६ सालापासून करणे भाग आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईत पं. जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने 'इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या संस्थेची स्थापना झाली. रवींद्रनाथ टागोर तिचे सन्माननीय अध्यक्ष होते आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष. नागरी स्वातंत्र्याचे रक्षण हे कोणा एका पक्षाचे काम नव्हे, पक्षभेद विसरून सर्वांनी ते करावे, ही नेहरूंची कल्पना होती. पुढे चारच महिन्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस, हेच नेहरू पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. केळीच्या मुलखात बांबू, चटया आणि स्थानिक साहित्य यांतून नंदलाल बोस यांनी उभारलेल्या मंडपनगरीची आठवण जुन्या पिढीने पुष्कळ वर्षे सांगितली. साने गुरुजींनी या अधिवेशनासाठी गावोगाव पायपीट केली. त्या गर्दीत आणखी एक मनुष्य होता. मानवेंद्रनाथ रॉय नोव्हेंबरातच तुरुंगातून सुटले होते आणि ते फैजपुरास आले होते. या देशातील नागरी हक्कांच्या चळवळीचे दोन प्रवाह म्हणून पुढे जे ओळखले गेले, एक राष्ट्रीय नेतृत्वाचा आणि दुसरा रॉयवादी मानवतावादाचा, त्या दोहोंचे प्रमुख पुरुष त्या दिवसांत तापीच्या खोऱ्यात एका मंडपाखाली होते. इतिहासात अशा योगायोगांना फार अर्थ असतो असे आम्ही मानत नाही. पण खानदेशाने या चळवळीला पहिला ओटा दिला, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

या पहिल्या संस्थेचे पुढे काय झाले ते मात्र अर्थपूर्ण आहे. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. कालपर्यंत ज्यांच्यावर जमावबंदी लागत असे तेच आता जमावबंदीच्या हुकमावर सही करू लागले. मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून कामगारांचा संप घडविला तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकार आपले होते, पोलीस आपले होते. नागरी स्वातंत्र्याच्या या संघाचा आवाज याच काळात क्षीण होत गेला. परकी सत्तेशी बोलताना ज्या जिभांना धार होती त्या स्वकीयांपुढे जड झाल्या. आम्ही ही गोष्ट पं. नेहरूंच्या निंदेसाठी सांगत नाही. हा रोग एका माणसाचा नव्हता, आणि तो पुन्हा उद्भवला, म्हणून सांगतो.

न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्याकडे आता वळू. ३ जुलै १९०९ रोजी सासवड येथे जन्मलेला, विलायतेत बॅरिस्टर झालेला, रॉय यांच्या विचाराने भारलेला आणि त्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षासाठी चालती वकिली सोडून देणारा हा गृहस्थ. १९५७ पासून १९६९ पर्यंत ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. तेथून स्वतः होऊन निवृत्ती पत्करून ते दिल्लीस गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९७४ साली जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संस्था काढली. आणीबाणीच्या काळात, १७ ऑक्टोबर १९७६ रोजी, आचार्य कृपलानी यांच्या हस्ते दिल्लीत 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमॉक्रॅटिक राइट्स' या संघटनेचे उद्घाटन झाले. तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले आणि कृष्णकांत सरचिटणीस.

त्या दिवसाचे मोल आज कळणे कठीण आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत बंदीस न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असा निर्णय दिला होता. न्या. खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. वृत्तपत्रे वाकली होती. मराठी साहित्यविश्वात कऱ्हाडच्या संमेलनात डिसेंबर १९७५ मध्ये दुर्गाबाई भागवत बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. बाकीच्या व्यासपीठांवर काय चालले होते ते आठवण्यात आनंद नाही. अशा दिवसांत भर दिल्लीत संघटना स्थापन करणे यास धैर्य लागते. तारकुंडे यांच्यापाशी ते होते, आणि तेही कोणत्याही देवाच्या आधारावाचून होते. ते निरीश्वरवादी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

मार्च १९७७ मध्ये सत्ताबदल झाला. संघटनेतील पुष्कळ मंडळी नव्या सरकारात किंवा त्याच्या आसपास गेली. लोकशाही परत आली, आता काम संपले, अशी समजूत पसरली आणि संघटना झोपी गेली. १९३७ ची पुनरावृत्ती चाळीस वर्षांनी अशी झाली. नोव्हेंबर १९८० मध्ये दिल्लीत अधिवेशन भरून, घटना संमत करून, 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज', म्हणजे आज आपण जिला पीयूसीएल या आद्याक्षरांनी ओळखतो ती संघटना, नव्याने उभी राहिली ती इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर. तारकुंडे अध्यक्ष आणि अरुण शौरी सरचिटणीस. मित्रांचे राज्य आले की हक्कांच्या रक्षकास डुलकी लागते, असा आक्षेप यावर कोणी घेतला तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

परंतु तारकुंडे यांच्या बाबतीत हा आक्षेप पुरता लागू पडत नाही, आणि समीक्षकाने येथे घाई करू नये. संघटना झोपली त्याच १९७७ साली आंध्रातील तथाकथित चकमकींची चौकशी करण्यासाठी जी नागरी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. नक्षलवादी म्हणून ज्यांना मारले गेले ते लढताना मेले नाहीत, त्यांना पकडून मारले, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. हे तरुण तारकुंडे यांच्या विचाराचे नव्हते. रॉयवाद्यांचे आणि कम्युनिस्टांचे हाडवैर जुने. ज्यांचा मार्ग आपणांस सर्वस्वी अमान्य आहे त्यांच्या प्राणांसाठी गावोगाव जाऊन साक्षी घेणे, ही हक्कांच्या चळवळीची खरी कसोटी आहे, आणि सासवडचा हा न्यायाधीश तीत उतरला. या समितीच्या कामात असलेले हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन पुढे पीयूसीएलचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

आता शहाद्याकडे वळू. कारण हे सारे घडण्याच्या आधी, १९७१ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात पाटीलवाडी येथे धान्य लुटल्याच्या आळावरून जमीनदारांच्या सशस्त्र जमावाने आदिवासींवर गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, कित्येक जखमी झाले. सुपीक काळी जमीन, उसाचे मळे, वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार, आणि पिकांच्या राखणीच्या नावाने उभ्या केलेल्या सोसायट्यांचे दांडगे राखणदार, अशी ती दुनिया होती. जमिनी एके काळी भिल्लांच्या होत्या. कर्जात, फसवणुकीत, अंगठ्याच्या ठशात त्या गेल्या. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास नाबोथाचा द्राक्षमळा ठाऊक आहे. अहाब राजाला मळा हवा होता, नाबोथ वाडवडिलांची जमीन देईना, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करण्यात आला. शहाद्यात खोट्या साक्षीदारांचे काम कागदांनी केले, एवढाच फरक.

या दुनियेतून अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. पाडळद्याचा हा भिल्ल तरुण, लोक ज्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, भजनी वळणाचा आणि सर्वोदयाच्या सहवासातला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती परिषद भरली, त्यानंतर श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, विजय कान्हेरे, दीनानाथ मनोहर यांच्यासारखे सुशिक्षित तरुण शहरांतून तेथे जाऊन राहिले. गेलेल्या जमिनी परत मिळविणे, सालदारांची मजुरी वाढविणे, दारूच्या गुत्त्यांवर बायकांनी चालून जाणे, असे ते दिवस होते. अंबरसिंग त्याच दशकात अकाली गेले. शिराळकर २०२२ च्या ऑक्टोबरात गेले.

येथे आमचा मूळ मुद्दा आहे. मानवी हक्कांच्या भारतीय चळवळीचा इतिहास सांगताना १९७६ चा दिल्लीतील दिवस सांगितला जातो. शहादे सांगितले जात नाही. ते 'आदिवासी चळवळ' किंवा 'शेतमजूर चळवळ' या कप्प्यात जाते. जमीन गमावलेला, मार खाल्लेला, पोलिसाने चौकीत डांबलेला भिल्ल जेव्हा स्वतः उभा राहतो तेव्हा ती चळवळ 'वर्गीय', आणि निवृत्त न्यायाधीश त्याच्या वतीने निवेदन काढतो तेव्हा ते 'मानवी हक्क', ही विभागणी कोणी केली? पीयूसीएलच्या पहिल्या तीस वर्षांतली ठळक नावे घ्या. तारकुंडे आणि राजिंदर सच्चर हे दोघे न्यायाधीश, कन्नबिरन हे वकील. तिघेही थोर माणसे. सच्चर यांच्या समितीचा २००६ चा अहवाल मुसलमान समाजाच्या स्थितीविषयी आजही आधारभूत मानला जातो. पण हक्कांचे वकील म्हणजेच हक्कांचे नेते, असे समीकरण या नावांतून नकळत तयार झाले. ज्याचा हक्क त्याला नेता म्हणून गणण्याची सोय त्या समीकरणात नव्हती. अंबरसिंगांचे नाव मानवी हक्कांच्या नेत्यांच्या कोणत्याही यादीत आमच्या पाहण्यात आलेले नाही.

ही तक्रार आमच्या आधी आणि आमच्यापेक्षा कितीतरी सामर्थ्याने एका कवीने केली आहे. शहाद्याच्या चळवळीत वाढलेले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. 'स्टेज' ही त्यांची कविता मराठीत सर्वतोमुखी झाली आहे. मंचावरून आदिवासींचे दुःख सांगणाऱ्यांना मंचाखाली बसलेला आदिवासी काय म्हणतो, हा तिचा विषय. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुधा साहित्यिक मंचांना उद्देशून. ती चळवळीच्या मंचांनाही, आमच्या मते आधी त्यांनाच, लागू आहे. सोनवणे स्वतः कार्यकर्ते असल्याने हा टोला त्यांनी घरातून मारला आहे, आणि म्हणूनच तो बसतो.

भाषेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. हक्कांच्या चळवळीने एक वाङ्मयप्रकार निर्माण केला. तो म्हणजे तथ्यशोधन अहवाल. घटना घडते, पथक जाते, साक्षी घेते, पोलिसांची बाजू विचारते, निष्कर्ष आणि शिफारशी लिहिते. गद्याचा हा प्रकार शिस्तीचा आहे. विशेषणे टाळावी लागतात, मृतांची संख्या अचूक द्यावी लागते, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवावे लागते. चांगला अहवाल वाचताना चांगल्या कथेहून अधिक अस्वस्थता येते, असा आमचा अनुभव आहे. परंतु हे वाङ्मय बव्हंशी इंग्रजीत आहे. पीयूसीएलचे मुखपत्र इंग्रजीत. तारकुंडे यांचे बहुतेक लेखन, 'दि रॅडिकल ह्यूमनिस्ट' या त्यांनी वर्षानुवर्षे संपादित केलेल्या नियतकालिकासह, इंग्रजीत. सातपुड्याच्या पायथ्याशी लोक भिली बोलतात, पावरी बोलतात, अहिराणी बोलतात, आणि सरकारदरबारी मराठी. त्यांच्यावरील अन्यायाची साक्ष तीन भाषांतरे ओलांडून अखेर ज्या भाषेत स्थिरावते ती त्यांच्यातील कोणासही वाचता येत नाही. साक्षीदाराला स्वतःची साक्ष वाचता येऊ नये, हे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

आमच्या परंपरेतील एक उदाहरण येथे मुद्दाम ठेवतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला येशूसंघीय धर्मगुरू. त्याने ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परक्या मुलखातील मनुष्य येथील लोकांना काही सांगण्यासाठी ओवी शिकतो, आणि सासवडचा मराठी मनुष्य मराठी मुलखाच्या हक्कांविषयी इंग्रजीत लिहितो! तुलना थोडी अन्यायाची आहे, हे आम्हांस मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, आणि तारकुंडे यांना लोकांना पटवायचे नव्हते, न्यायाधीशांना पटवायचे होते. पण म्हणूनच तर ही चळवळ न्यायालयाच्या दारात जितकी सशक्त तितकी गावाच्या पारावर अशक्त राहिली.

न्यायालयाच्या दारातील तिची कमाई किती मोठी आहे हे मात्र आम्ही झाकणार नाही. २००१ साली पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका केली. सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि राजस्थानात दुष्काळ, या विसंगतीतून ती जन्मली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके कुपोषणासाठी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत झळकत आले आहेत. तेथल्या शाळेत दुपारी मुलांच्या ताटात जी खिचडी पडते तिच्यामागे हा आदेश आहे. जयपूर आणि दिल्ली येथील काही मंडळींनी इंग्रजीत लिहिलेल्या एका अर्जाने सातपुड्यातील मुलाच्या पोटात घास घातला, हे सत्य आमच्या वरच्या टीकेला चांगलाच शह देणारे आहे. तो शह आम्ही मान्य करतो. या कामात अग्रभागी असलेल्या कविता श्रीवास्तव पुढे २०२२ साली संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. एक कार्यकर्ती त्या जागी आली. मतदारास 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणण्याचा अधिकार देणारा २०१३ चा निर्णय आणि पोलीस चकमकींच्या चौकशीचे नियम घालून देणारा २०१४ चा निर्णय हेही याच संघटनेच्या याचिकांवरचे. दुसरा खटला तर महाराष्ट्र सरकारविरुद्धच होता.

खानदेशाने मात्र या चळवळीपुढे एक असा प्रश्न ठेवला आहे की ज्याचे उत्तर याचिकेत सापडत नाही. ८ मे १९७० रोजी, भिवंडीच्या दुसऱ्या दिवशी, जळगावात दंगल झाली आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. मृतांत जवळजवळ सर्व मुसलमान होते. न्या. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींचा तपास करून जो विस्तृत अहवाल दिला तो या देशातील दंगल-चौकशांचा मानदंड मानला जातो. धुळ्यात २००८ मध्ये दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ रोजी तेथेच पोलीस गोळीबारात सहा तरुण मेले, आणि बाहेरून तथ्यशोधन पथके आली. येथपर्यंत चळवळीची भाषा पुरते, कारण समोर पोलीस आहेत, सरकार आहे. पण १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने मारून टाकले. मुले पळविणाऱ्यांची अफवा उठली होती. हे पाच जण मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते, आणि तेथेच ते मारले गेले. मारणारे कोण? तेही गरीब, बहुतेक आदिवासीच. ज्यांच्या हक्कांसाठी अर्धे शतक अहवाल लिहिले गेले त्यांच्याच हातून, त्यांच्याहून निराधार अशा भटक्यांचा जीव गेला.

पुढच्याच पंधरवड्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविषयी सरकारांना निर्देश दिले. ते आवश्यकच होते. परंतु नागरी स्वातंत्र्याची संकल्पना मुळात व्यक्ती आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीविषयीची आहे. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या भिंतीविषयी तिच्यापाशी फारसे शब्द नाहीत. राईनपाड्याचे वार्तांकन आम्ही त्या वेळी बारकाईने वाचले. हक्कवाद्यांची निवेदने अफवा, समाजमाध्यमे आणि पोलिसांची दिरंगाई यांच्याभोवती फिरत होती. ते सारे खरे होते. तरी त्या खोलीत काय घडले याच्या जवळ ती जात नव्हती. येथे साने गुरुजींसारखा माणूस लागतो, असे आम्हांस राहून राहून वाटले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारा, अंमळनेरच्या शाळेत मुलांच्या मनाची मशागत करणारा, आणि १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणास लावणारा. गुरुजींनी कधी हक्कांची संघटना काढली नाही. त्यांचे उपोषण सरकारविरुद्ध नव्हते, शेजाऱ्यांच्या दारासाठी होते. या पद्धतीच्या मर्यादाही आहेत, उपोषणाने कायदा होत नाही. पण मानवी हक्कांच्या नेतृत्वात हा स्वर नाही ही उणीव आहे, आणि तारकुंडे यांच्या विवेकवादी घडणीत ती अपरिहार्य होती.

आता आमच्या घराकडे. ख्रिस्तसभेने हक्कांची भाषा उशिरा उचलली, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १८३२ साली सोळाव्या ग्रेगरी पोपमहोदयांनी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची आणि मुद्रणस्वातंत्र्याची निर्भर्त्सना केली होती. तेथून ११ एप्रिल १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकापर्यंत येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तेविसाव्या योहान पोपमहोदयांनी त्यात जगण्याचा, अन्न-वस्त्र-निवाऱ्याचा, मत मांडण्याचा, एकत्र येण्याचा हक्क माणसाच्या माणूसपणातून काढून दाखविला, आणि ते केवळ कॅथॉलिकांना नव्हे, सर्व सद्हेतूच्या माणसांना उद्देशून लिहिले. निरीश्वरवादी तारकुंडे बुद्धीच्या वाटेने ज्या ठिकाणी पोहोचले त्याच ठिकाणी ख्रिस्तसभा देवाच्या प्रतिमेच्या वाटेने पोहोचली. ते आधी पोहोचले, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

फादर स्टॅन स्वामी या दोन वाटांच्या संगमावर उभे होते. झारखंडातील कच्च्या कैद्यांचा त्यांनी अभ्यास केला. वर्षानुवर्षे खटल्यावाचून सडणाऱ्या आदिवासी तरुणांसाठी उच्च न्यायालयात याचिका केली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी त्यांना न्यायालयात करावी लागली. तळोजा तुरुंगातून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आणल्यावर ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, ते गेले. आमच्या धर्मग्रामांत प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या पेटल्या, आमच्या नियतकालिकांनी विशेष पाने काढली. योग्यच झाले.

परंतु त्याच खटल्यात एकूण सोळा जण होते. त्यांपैकी सुधा भारद्वाज पीयूसीएलच्या राष्ट्रीय सचिव होत्या आणि कैद्यांसाठीच्या कामात फादरांच्या सहकारी होत्या. त्यांना २०१८ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली होती, फादरांच्या आधी दोन वर्षे. त्या दोन वर्षांत आमच्या पानांवर त्यांचे नाव किती वेळा आले? १४ मे २००७ रोजी पीयूसीएलचे डॉ. विनायक सेन यांना छत्तीसगडमध्ये अटक झाली, पुढे जन्मठेप झाली, आणि १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आदिवासींत दवाखाना चालविणारा हा डॉक्टर. त्यांच्यासाठी आमच्यापैकी कितीजणांनी एक ओळ लिहिली? नेहरूंची जीभ स्वकीयांच्या राज्यात जड झाली, असे आम्ही वर लिहिले. आमची स्वकीय पकडला जाईपर्यंत हलली नाही. दुखणे एकच आहे, फक्त कूस वेगळी. तारकुंडे नक्षलवाद्यांच्या प्रेतांसाठी आंध्रात गेले हे आम्ही एवढ्या विस्ताराने का सांगितले, ते येथे वाचकांच्या ध्यानात येईल.

खानदेशात आपले लोक थोडे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील जुनी वस्ती, सातपुड्याकडची मिशन केंद्रे, आणि १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताचा या भागातील विस्तार, एवढाच पसारा. शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, दवाखाने आहेत. या केंद्रांत काम करणाऱ्या धर्मगुरूंना आणि भगिनींना तेथल्या बोली येतात. दिल्लीच्या कोणत्याही पथकापाशी नसलेले हे भांडवल आहे. त्या बोलींतून लोकांच्या तोंडच्या हकिकती उतरवून घेणे, त्या मराठीत छापणे, आणि ज्याने सांगितले त्याला त्या वाचून दाखविणे, हे काम त्यांच्याकडून व्हावे अशी अपेक्षा आम्ही या पानांतून जाहीरपणे नोंदवितो. मात्र धर्मांतराच्या आरोपाची भीती या केंद्रांवर कायम घोंगावत असते आणि मौन हाच तेथे शहाणपणा मानला जातो, हेही आम्ही जाणतो.

दरम्यान खानदेशातील नेतृत्व कोणाची वाट पाहत थांबलेले नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यानंतर सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभा, लोकसंघर्ष मोर्चा यांसारख्या संघटनांनी धुळे, नंदुरबार, जळगाव येथील दाव्यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. २०१८ च्या नोव्हेंबरात लोकसंघर्ष मोर्चाचे आदिवासी मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत आले. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, जुन्या पावत्या आहेत, आणि त्यांच्याच रांगेत गावातील वृद्धांचे लेखी उतरविलेले निवेदनही आहे. ही जमीन कोण कसत होते, नाल्याच्या कोणत्या अंगाला कोणाचे शेत होते, वाडवडिलांना कोठे पुरले, हे म्हातारा ग्रामसभेसमोर आपल्या बोलीत सांगतो, कोणी शिकलेला पोरगा ते मराठीत लिहून घेतो, वाचून दाखवितो, आणि म्हातारा त्याखाली अंगठा उठवितो. त्याच्या आजाच्या हातून ज्या अंगठ्याने जमीन गेली होती, तोच आता तिच्या दाव्याखाली पुरावा म्हणून जोडलेला असतो.